नाळी बर्री, उद्या या

बाबा गेले त्याला आता पाच वर्षं होत आली. त्यांच्या नावावरची बत्तीस गुंठे जमीन आईच्या आणि आम्हा दोघा भावांच्या नावावर चढवायला किती हेलपाटे घातले हे मोजायचं मी सोडून दिलंय, पहिले अकरा-बारा पेट्रोलच्या हिशोबात डायरीत लिहिले होते, मग डायरीच बंद केली. कचेरी कुठली ते सांगत नाही, आमच्या भागातली एक. काउंटरच्या आतला माणूस कन्नडमध्ये म्हणतो "नाळी बर्री", आणि शेजारच्या टेबलावरचा, जो आमच्याच बाजूचा, मराठी शाळेत शिकलेला, तो म्हणतो "उद्या या की ओ". बेळगाव भागात सरकारी ऑफिसात दोन्ही भाषांत न चुकता मिळणारी एवढी एकच सेवा आहे असं मी मित्रांत गमतीनं सांगायचो.

कर्नाटकात एक जुनी गोष्ट आहे. रात्री गावात भूत फिरतं, दार वाजवतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं, म्हणून लोक दारावर लिहून ठेवायचे, "नाळे बा". म्हणजे उद्या ये. भूत येतं, वाचतं, परत जातं, दुसऱ्या रात्री येतं, परत तेच वाचतं. एका दुपारी त्या कचेरीतल्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझी ट्यूब पेटली, की इथं भूत आपण आहोत.

अडलं कुठं ते सांगतो, कारण सगळा लेख त्यावरच आहे. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, त्यावरून इंग्रजीत लिहिताना आपल्याकडची पद्धत डी-एन-वाय. कन्नडमध्येही ज्ञ आहेच, पण उच्चार वेगळा, त्यामुळे कन्नड कागदावरून इंग्रजीत आणताना कुठल्या ऑपरेटरनं जे-एन केलं, कुठल्यानं जी-एन. रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं, मृत्यू दाखल्यावर तिसरं. ज्या माणसाला सगळं गाव जन्मभर ज्ञानू म्हणत होतं, तो मेल्यावर तीन माणसं झाला, आणि तिन्ही एकच आहेत असं बाँडवर अफिडेव्हिट करून द्यायची जबाबदारी माझ्यावर. एका अफिडेव्हिटमध्ये वकिलाच्या टायपिस्टनं चौथं स्पेलिंग घातलं. हसू नका, खरंच घातलं.

आता आमच्याकडे अशा अनुभवाचा अर्थ लावायची एक तयार पद्धत आहे, मी पण कित्येक वर्षं तीच वापरली. आपण मराठी, ते कन्नड, आपल्याला १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात ढकललं, म्हणून ही वेळ. महाराष्ट्रात असतो तर झटक्यात काम झालं असतं. ह्यातला पहिला अर्धा भाग खोटा नाही. राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूरला गेले, महाजन आयोगानं १९६७ला रिपोर्ट दिला तो महाराष्ट्रानं मानला नाही, ८६५ गावांवरचा दावा घेऊन महाराष्ट्र २००४ला सुप्रीम कोर्टात गेला आणि अजून तिथंच आहे. ह्या प्रश्नासाठी माणसं मेलीत, आमच्या घरातले लोक लाठ्या खाऊन आलेत, त्यामुळे त्याची थट्टा मी करणार नाही. पण "महाराष्ट्रात असतो तर" हा जो दुसरा अर्धा भाग आहे ना, तो तपासायची सोय आपल्याला इथंच हाताशी आहे आणि आपण ती कधी वापरत नाही. चंदगड.

चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत तेवढा एकच तालुका बाजूला काढून मुंबई राज्यात ठेवला आणि कोल्हापूरला जोडला. म्हणजे आम्हाला जे पाहिजे होतं ते चंदगडला मिळालं. आमची थोरली आत्या चंदगड तालुक्यात दिलेली, तिच्याकडे सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, तलाठी मराठी, तहसीलदार मराठी, आणि तरी आत्याच्या नवऱ्याच्या मागं वारस नोंद लागायला दोन वर्षं गेली. मी तिकडं जाऊन आमचं रडगाणं गायलो तर आतेभाऊ म्हणाला, "तुम्हाला निदान कन्नडचं कारण तरी सांगता येतंय, आम्ही कुणाच्या नावानं बोंबलायचं?" आणि वर दवाखाना, मोठा बाजार म्हटलं की ते येतात बेळगावला, कारण कोल्हापूर त्यांना शंभर किलोमीटरच्या पुढं आणि बेळगाव चाळीसच्या आत. सरकारी कामाला मात्र उलट्या दिशेला.

दुसरी गोष्ट त्याच बाकड्यावरची. माझ्या शेजारी एक म्हातारे काका बसायचे, पूर्वेकडच्या गावचे, पक्के कन्नड, मराठी समजायचं पण बोलायचे नाहीत. त्यांचं फोडीचं काम होतं, सर्व्हे नंबर फोडून पोटहिस्सा वेगळा करायचा, त्याला अकरा-ई नकाशा लागतो, नकाशाला सर्व्हेअर लागतो, आणि सर्व्हेअरची वाट बघत ते माझ्या आधीपासून बसलेले. त्यांची भाषा सरकारची भाषा होती, नावाचं स्पेलिंग बरोबर होतं, आणि उत्तर तेच. नाळी बर्री. एकदा मी त्यांना माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तुमचं का अडलंय, तर ते नुसतं वर बोट दाखवून हसले, देवाकडं की वरच्या मजल्यावरच्या साहेबाकडं ते कळलं नाही.

तर मला म्हणायचंय ते हे, की आपण भाषेवरनं भांडतोय ते बरोबर आहे, पण कचेरीची स्वतःची एक तिसरीच भाषा आहे आणि ती ना आपली ना त्यांची. शब्दच बघा. जिल्हा, तालुका, कचेरी, तहसीलदार, जमाबंदी. कन्नडमध्ये पण हेच. सातबाराला कर्नाटकात आरटीसी किंवा पहाणी म्हणतात, पण आमच्या उत्तर कर्नाटकात कन्नड शेतकरी पण "उतार"च म्हणतो, आमच्या उताऱ्याचा भाऊ. सरकारनं तलाठ्याचं नाव आधी ग्राम लेखाधिकारी केलं, मग ग्राम आडळिताधिकारी केलं, लोक अजून तलाठीच म्हणतात, दोन्ही भाषांत. माणूस मेल्यावरच्या नोंदीला महाराष्ट्रात फौती म्हणतात, इकडं पौती, मूळ एकच, बादशाही दप्तरातनं आलेलं. राज्यं बदलली, दप्तर तेच राहिलं, आणि दप्तर ज्या कामासाठी बनलं ते कामही फारसं बदललं नाही.

काम काय होतं? वसुली आणि बंदोबस्त. कलेक्टर हे पदच १७७२ला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात निघालं ते नावाप्रमाणे गोळा करायला. आपल्या भागात ह्याची सुरुवातच रक्तानं झालीय. १८२४ला कित्तूरच्या दत्तकाचा प्रश्न निघाला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे खजिन्याला सील ठोकायला फौज घेऊन गेला आणि किल्ल्यासमोर मारला गेला. नंतर संगोळ्ळी रायण्णानं बंड केलं तेव्हा त्यानं सरकारी कचेऱ्या जाळल्या, लोकांना कागदाचा राग किती होता ते ह्यात आलं. १८३१ला त्याला फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, म्हणजे आमच्या मराठी पट्ट्यात. मग १८३६ला धारवाडपासनं तोडून बेळगाव वेगळा जिल्हा केला. कशासाठी, तर सारा नीट गोळा व्हावा आणि दंगा आवाक्यात राहावा म्हणून. ह्या यंत्रणेचं तोंड वर होतं. तलाठी सर्कलला जबाबदार, सर्कल मामलेदाराला, मामलेदार कलेक्टरला, कलेक्टर मुंबईला, मुंबई लंडनला. खाली बघायचं ते फक्त सारा किती आला आणि कोण डोकं वर काढतंय एवढ्यासाठी. १९४७ला वरचं टोक लंडनवरनं दिल्लीला आलं, सरदार पटेलांनी १९४९ला घटना समितीत ह्या सनदी नोकरांची बाजू ठामपणे मांडली, देश फाळणीत फाटत असताना त्यांना दुसरा मार्ग काय होता म्हणा. पण ती शिडी तशीच राहिली आणि आमच्यापुरतं १९५६ला मुंबईच्या जागी बेंगळूर आलं. आम्हाला दोन्ही जवळपास पाचशे किलोमीटर, आधी एका दिशेनं रात्रभर, आता दुसऱ्या दिशेनं.

इथं एक गोष्ट आपल्या लोकांना आवडणार नाही पण सांगतो. इंग्रजांनी ह्या मुलखाला "दक्षिण मराठा प्रदेश" नाव दिलं आणि कन्नड बोलणाऱ्या धारवाड-बेळगाव भागात कचेरी, शाळा सगळीकडे मराठी चालवली. पेशवाईतनं आलेला मराठी कारकून त्यांना सोयीचा पडला. कन्नड शेतकऱ्याच्या पोराला शाळेत मराठी शिकावी लागायची आणि कोर्टातला कागद वाचायला कुणातरी मराठी जाणणाऱ्याचे पाय धरावे लागायचे. ह्याच्याविरुद्ध डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षण खात्यातल्या माणसानं एकोणिसाव्या शतकात कन्नड शाळा काढायचा सपाटा लावला, कन्नड लोक अजून त्यांचं नाव काढतात. आज आपण ज्या काउंटरच्या बाहेर उभे आहोत त्याच काउंटरच्या आत तेव्हा आपण होतो. म्हणून आज आपल्याला होतंय ते न्याय्य आहे असं अजिबात नाही, आजोबाच्या चुकीचा दंड नातवाच्या उताऱ्यावर कशाला? पण कचेरी कुणाचीच सगी नसते, ज्याच्या हातात शिक्का तो तिची भाषा दुसऱ्यावर लादतो, एवढं तरी ह्यातनं कळावं.

फ्रेड रिग्ज म्हणून एक अमेरिकन अभ्यासक होता, १९५०-६०च्या दशकात थायलंड आणि फिलिपिन्सच्या सरकारी ऑफिसांवर त्यानं काम केलं. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत ऑफिस दिसायला पाश्चात्त्य असतं, टेबल, फाईल, नियम सगळं, पण आत घर, जात, ओळख, देणंघेणं सगळं मिसळलेलं असतं, नियम एक आणि वहिवाट एक. अशा ऑफिसला त्यानं नाव दिलं "साला". स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दालन असा काहीतरी आहे, पण मराठी माणसानं हा शब्द वाचला की त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल की जग कुठं गेलं, सगळं ऑनलाईन झालंय, तुम्ही काय बाकड्यावर बसून रडताय. बरोबर आहे, आणि ह्यात कर्नाटकाला क्रेडिट द्यायलाच पाहिजे, महाराष्ट्राच्या पुष्कळ आधी त्यांनी केलं. "भूमी" योजनेत २०००-०१च्या सुमारास राज्यातले साधारण २ कोटी उतारे कॉम्प्युटरवर घेतले आणि पंधरा रुपयांत तालुक्याच्या काउंटरवर प्रिंट मिळायला लागली. आधी तलाठी गाठायचा, त्याला चहा, त्याच्या सायकलला हवा, मग तो दप्तर उघडणार. ते गेलं. मग २०१२ला "सकाल" आली, आपली सकाळ नव्हे, कन्नडमध्ये सकाल म्हणजे वेळेत. प्रत्येक अर्जाला नंबर, ठरलेल्या दिवसात काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, अर्जदाराला भरपाई, आणि ती साहेबाच्या पगारातनं. कल्पना बघा किती मस्त आहे, पहिल्यांदा कुणीतरी त्या शिडीचं तोंड खाली वळवायचा प्रयत्न केला.

पण कचेरी पण शंभर-दोनशे वर्षांची मुरलेली. मुदत मोजायला सुरुवात होते अर्ज नोंदवल्यावर, मग अर्ज नोंदवूनच घ्यायचा नाही, आधी "कागद बघू" म्हणायचं. नोंदवलाच तर मुदत संपायच्या आदल्या दिवशी एक त्रुटी काढून फेटाळायचा, म्हणजे रेकॉर्डवर काम वेळेत झालं, आणि तुम्ही परत नव्या नंबरनं लायनीत. माझा अर्ज दोनदा असा "वेळेत" निकाली निघाला, कुठल्या रिपोर्टात तो यश म्हणून मोजला गेला असेल बघा. भरपाई मागायचा विचार आला होता मनात, पण ज्या टेबलावर उद्या परत जायचंय त्या टेबलावरच्या माणसाच्या पगारातनं पाचशे कापून घेऊन मी जगणार कुठं? कायदा करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं, किंवा त्यांचं स्वतःचं काम कधी काउंटरवर पडलेलं नसावं. आणि पूर्वी जो एजंट कचेरीच्या दारात चहाच्या टपरीवर बसायचा तो आता कॉम्प्युटरचं दुकान टाकून बसलाय. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, माझ्या आईला दोन्ही येत नाही, ओटीपी कुणाच्या तरी मोबाईलवर येणार, म्हणजे मधला माणूस गेला नाही, त्याच्या दुकानाला एसी लागला एवढंच.

तलाठ्याचं पण ऐकून घ्या, मी ऐकलंय. एकाकडे चार-पाच गावं, बसायला धड खोली नाही, मोबाईलमध्ये डझनावारी अॅप, पीकपाणी एकात, पंचनामा दुसऱ्यात, आधार जोडणी तिसऱ्यात, वरनं व्हिडिओ कॉन्फरन्स. २०२४ला राज्यभरच्या ह्या लोकांनी काम बंद आंदोलन केलं ते ह्याच्यासाठीच. म्हणजे कॉम्प्युटरनं लोकांचं काम हलकं व्हायच्या आधी वरच्या साहेबाला खालच्या माणसावर चोवीस तास नजर ठेवायची सोय झाली. तोंड परत वरच.

मग करायचं काय, भाषेचा मुद्दा सोडून द्यायचा? अजिबात नाही. उलट मी म्हणतो तो मुद्दा आपण नीट धरलाच नाही. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की तक्रार-निवारणासाठी अर्ज कुठल्याही व्यक्तीला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. १९५६ला सातव्या घटनादुरुस्तीनं त्याला ३५०-अ आणि ३५०-ब जोडलं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला, त्याचं एक विभागीय ऑफिस चक्क बेळगावात होतं. आणि १९५६चं मेमोरँडम, १९६१ची मुख्यमंत्र्यांची परिषद ह्यातनं जी संरक्षणाची योजना ठरली तिच्यात असं आहे की जिल्ह्यात किंवा त्याखालच्या पातळीवर १५ टक्के लोक ज्या भाषेचे असतील त्या भाषेत महत्त्वाचे नियम, नोटिसा छापायच्या. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषावाले आहेत १८ टक्क्यांच्या वर. आख्ख्या जिल्ह्यात, बरं का. बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी हे वेगळे काढले तर आकडा कुठल्या कुठे जाईल. म्हणजे मराठीत नोटीस मिळणं ही मेहरबानी नाही, मुख्यमंत्र्यांनी एकत्र बसून कबूल केलेली गोष्ट आहे.

मग मिळत का नाही? एक कारण उघड आहे, ही योजना कायदा नाही, सहमती आहे, आणि त्या खास अधिकाऱ्यानं राष्ट्रपतींना रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट संसदेसमोर ठेवायचा, पुढं काही नाही. दात नसलेला वाघ. दुसरं कारण कर्नाटक सरकारचं धोरण, मराठीतला एक बोर्ड दिसला तरी तिकडं कुणाला तरी सीमा हलल्यासारखी वाटते, २०१४ला येळ्ळूर गावच्या "महाराष्ट्र राज्य" लिहिलेल्या बोर्डावरनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि आता तर दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा आहे. गंमत म्हणजे निवडणूक आली की कुठल्याही पक्षाचा उमेदवार असू दे, पत्रक मराठीत घरात येऊन पडतं, तेव्हा सीमा जागच्या जागी राहते. पण तिसरं कारण आपण. मराठीत उतारा, मराठीत फॉर्म ही मागणी आमच्या नेत्यांनी केली नाही असं नाही, मोर्चे निघाले, निवेदनं दिली, पण प्रत्येक वेळी ती मोठ्या मागणीच्या शेपटाला बांधून. स्टेजवर "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी" झालं की शेवटी "आणि परिपत्रकं मराठीत द्या". समोरच्यानं ऐकलं ते फक्त पहिलं वाक्य. आणि आपल्यातल्या काही लोकांना ते सोयीचंच होतं, कारण फॉर्म मराठीत मिळाला म्हणजे आपण कर्नाटकात राहणं मान्य केल्यासारखं होतं म्हणे. असं बोललेलं मी स्वतःच्या कानानं ऐकलंय. साहेब, खटला २००४चा आहे, माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

मराठीतनं हे द्यायला किती खर्च येईल त्याचा अंदाज घ्या. कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर नावाच्या खाली देवनागरीत अजून एक ओळ. वारसाच्या फॉर्मला मागच्या बाजूला मराठी. पोचपावती दोन भाषेत. नाव कुठल्या स्पेलिंगनं लिहायचं ते माणसानं सही करून एकदा सांगायचं आणि मग सगळ्या खात्यांनी तेच धरायचं. ह्याला ना आयोग लागतो ना सुप्रीम कोर्ट, एक प्रोग्रामर आणि एक मराठी येणारा कारकून लागतो, आणि असे कारकून आमच्या भागात पैशाला पासरी आहेत. आणि हेच्या हेच महाराष्ट्रानं अक्कलकोट, जतच्या कन्नड लोकांना द्यायला पाहिजे, आधी द्यायला पाहिजे खरं तर. २०२२ला जतच्या गावांवरनं दोन्ही मुख्यमंत्री एकमेकांना आव्हानं देत होते तेव्हा जतचे लोक पाणी मागत होते, जमीन कुठल्या राज्यात पाहिजे हे त्यांनी रागानं सांगितलेलं उत्तर होतं. महाराष्ट्र आमच्या ८६५ गावांना आरोग्य योजना देतो म्हणतो, छान आहे, घेऊ, पण त्याच महाराष्ट्रात अक्कलकोटच्या कन्नड म्हातारीला कन्नडमध्ये फॉर्म मिळत नसेल तर आमच्या बाजूनं बोलताना त्यांच्या तोंडाला वजन कुठनं येणार?

सीमाप्रश्न कारभाराला कसा खातो ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भाषेचं नाहीच, जिल्ह्याचं आहे. बेळगाव जिल्हा १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर, गोव्याच्या साडेतीन पट, लोकसंख्या २०११ला जवळपास ४८ लाख. अथणीच्या माणसाला डीसी, म्हणजे कलेक्टर, ऑफिसला यायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर, येऊन "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकायचं आणि परत. १९९७ला जे. एच. पटेल सरकारनं नवीन जिल्हे केले, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ, उडुपी वगैरे सात झाले. त्यात चिकोडी आणि गोकाकची पण घोषणा होती, पण ती मागं घेतली. विरोध झाला, आणि विरोधातलं मोठं कारण हे, की जिल्हा तोडला तर उरलेल्या बेळगावात मराठी टक्का वाढेल आणि महाराष्ट्राच्या दाव्याला बळ मिळेल. आज पण चिकोडी जिल्ह्याचा विषय निघाला की हेच ऐकू येतं. म्हणजे अथणी, रायबागचा कन्नड शेतकरी, ज्याचा ह्या भांडणाशी काडीचा संबंध नाही, तो पण गेली पंचवीस-तीस वर्षं ह्याचा दंड भरतोय. आणि आपल्याला ते कळत पण नाही कारण आपण त्याच्याशी कधी बोलतच नाही, तो आपल्याला "ते" मध्ये दिसतो.

आता कर्नाटकानं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, उलट एकदा त्यांनी असं काही केलं होतं की देशात तोड नव्हती. रामकृष्ण हेगडे सरकारात अब्दुल नझीरसाब पंचायत राज मंत्री होते, गावोगाव पाण्याच्या बोअर मारल्या म्हणून लोक त्यांना "नीरसाब" म्हणायचे. त्यांनी १९८३चा कायदा आणला, १९८७ला निवडणुका झाल्या, महिलांना २५ टक्के जागा, आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परिषदेचा जो मुख्य सचिव असायचा तो डीसीपेक्षा सीनियर अधिकारी. हेस्टिंग्जच्या कलेक्टरच्या वर, दोनशे वर्षांनी, लोकांनी निवडलेल्या सभेचा माणूस बसवला. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर ह्या शिडीला कुणी खरोखर हात घातला असेल तर त्या चार-पाच वर्षांत. पण आमदारांना ते पचेना, अधिकाऱ्यांना तर नाहीच, त्या परिषदांची मुदत संपली तशी सूत्रं परत जुन्या हातात गेली आणि १९९३च्या नव्या कायद्यात ती ताकद गेली. आता तर जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ला संपली आणि वर्षामागून वर्षं निवडणुका झाल्याच नाहीत. चंदगडकरांना हसायला जागा नाही, कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत २०२२ला संपली आणि तिथं पण प्रशासक येऊन बसला. सीमेच्या दोन्ही बाजूला एकाच वेळी निवडून आलेला माणूस गायब झाला आणि खुर्चीवर नेमलेला अधिकारी आला, इंग्रज येऊन बघता तर म्हणाला असता, आम्ही ठेवून गेलो तसंच आहे की.

देशात आजवर दोन प्रशासकीय सुधारणा आयोग झाले. पहिला मोरारजी देसाईंनी सुरू केला पण पुढं नेला के. हनुमंतय्यांनी, दुसरा २००५चा वीरप्पा मोईलींचा. हनुमंतय्या आणि मोईली दोघेही ह्याच राज्याचे माजी मुख्यमंत्री. हनुमंतय्यांनीच बेंगळूरची विधानसौध बांधली आणि दर्शनी भागावर कोरून घेतलं, सरकारी काम हे देवाचं काम. लोक त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावतात, आमच्या बाकड्यावरचे काका लावायचे तसा पण लागतो, म्हणजे देवाच्या मनात येईल तेव्हा होईल. त्याच धर्तीवर २०१२ला आमच्या हलग्याजवळ सुवर्णसौध उभी राहिली, लोकांच्या पिकत्या जमिनी घेऊन. उत्तर कर्नाटकाला बेंगळूर लांब पडतं म्हणून राज्य पातळीवरची ऑफिसं इथं आणायची असं प्रत्येक सरकार म्हणतं, महाराष्ट्राला दाखवायला बांधली असं आपण म्हणतो, आणि बिल्डिंग वर्षातले दहा-बारा दिवस अधिवेशनाला वापरात येते. २०२२ला तिच्यासमोर कुणीतरी शेवया वाळत घातल्याचा फोटो सगळीकडे फिरला. केवढा गहजब झाला, इमारतीचा अपमान वगैरे. तिथं मजुरीला असलेल्या एका बाईनं घातल्या होत्या म्हणे. मला तर वाटलं की त्या एवढ्या फरशीचा आमच्या भागातल्या एखाद्या बाईला सरळ उपयोग झाल्याचं ते पहिलंच उदाहरण असेल, आणि त्याच्यावरच कारवाईची भाषा.

माझ्या कामाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. झालं. मागच्या महिन्यात उतारा हातात आला, तोही एका नवीन आलेल्या कन्नड मुलीमुळे, तिची पहिलीच पोस्टिंग असावी, तिनं तिन्ही दाखले समोर ठेवून ज्ञ अक्षर मोठ्यानं दोन्ही पद्धतीनं म्हणून बघितलं, हसली, आणि फाईल पुढं सरकवली. अर्ध्या तासात. चार वर्षं कुणाला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, तिची बदली व्हायच्या आत मी आमच्या गल्लीतल्या तिघांना सांगितलंय, कागद घेऊन जावा म्हणून. घरी येऊन उतारा वाचला, बाबांचं नाव बरोबर उतरलंय, भावाचं बरोबर, माझं बरोबर. आईचं नाव वत्सला, ते वसला झालंय. सोमवारी परत जायचंय.